पहिला महिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना कोणता? जुन्या सामन्यांची नोंद तपासून कशी लिहावी

क्विझमध्ये हा प्रश्न आला की चार उत्तरं येतात: १८८१, १९२०, १९७१ आणि १९७२. गंमत म्हणजे चारही उत्तरं कुठल्या ना कुठल्या अटीवर बरोबर आहेत. ती अट न लिहिल्यामुळेच मराठीतल्या लेखांत, विकिपानांवर आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत गोंधळ होतो. १९९१ च्या पहिल्या फिफा विश्वचषकापूर्वीच्या महिला सामन्यांबद्दल लेख, तक्ता किंवा प्रश्नसंच बनवताना नोंद कशी करायची, कुठे शोधायचं आणि हमखास कुठे फसायला होतं, ते पुढे दिलं आहे.

आधी कप्पे, मग तारखा

सामना हाती आला की पहिला प्रश्न: मैदानावर उतरलेला संघ नक्की कोणाचा होता? त्यानुसार चार कप्पे करा.

क कप्पा: देशाचं नाव फक्त जाहिरातीत. ७ मे १८८१ रोजी एडिनबरामध्ये ‘स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड’ असा सामना झाला आणि स्कॉटलंड ३-० जिंकलं. पहिला गोल लिली सेंट क्लेअरच्या नावावर आहे. सामना भरवणारी मंडळी नाटक-व्यवसायातली होती. खेळाडू खरोखर त्या त्या देशातल्या होत्या, असं धरून चालता येत नाही.

ख कप्पा: एका बाजूला क्लब, दुसऱ्या बाजूला देशाची निवड. ३० एप्रिल १९२० रोजी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर डिक, कर लेडीज या कारखान्याच्या संघाने फ्रान्सच्या संघाला २-० हरवलं. प्रेक्षक सुमारे २५,००० होते. फ्रान्सचा संघ तिथल्या महिला क्रीडा महासंघाने पाठवला होता. या महासंघामागची प्रमुख व्यक्ती म्हणजे आलिस मिलिया. इंग्लंडकडून मात्र खेळत होता एकाच गावातला, एकाच कारखान्याचा संघ.

ग कप्पा: दोन्ही बाजूंना देशाचे संघ, पण ते स्वतंत्र संघटनांनी उभे केलेले, त्या देशाचा फुटबॉल महासंघ बाजूला, किंवा उघड विरोधात. २३ सप्टेंबर १९५६ ला एसेनमध्ये पश्चिम जर्मनीने नेदरलँड्सला २-१ हरवलं, तो असा सामना. १९७० चा इटलीतला आणि १९७१ चा मेक्सिकोतला ‘विश्वचषक’ याच कप्प्यात.

घ कप्पा: आज फिफा किंवा राष्ट्रीय महासंघ ज्याला अधिकृत मानतो तो सामना. १७ एप्रिल १९७१ रोजी उत्तर फ्रान्समधल्या आझब्रुक गावी फ्रान्सने नेदरलँड्सला ४-० हरवलं. फिफाच्या लेखी पहिला सामना हाच. इंग्लंडचा पहिला अधिकृत सामना १८ नोव्हेंबर १९७२ चा: ग्रीनॉकला स्कॉटलंडविरुद्ध ३-२ असा विजय, आणि इंग्लंडचा पहिला गोल सिल्व्हिया गोर हिचा.

घ कप्पा दिसायला सोपा, पण सगळ्यात फसवा तोच. आझब्रुकचा सामना हा मेक्सिकोतल्या १९७१ च्या स्पर्धेचा पात्रता सामना होता. म्हणजे पात्रता सामना अधिकृत, आणि ज्या स्पर्धेसाठी तो खेळला गेला ती स्पर्धा मात्र अनधिकृत! इटलीचा महासंघ आपल्या महिला संघाचा पहिला सामना २३ फेब्रुवारी १९६८ चा धरतो: व्हियारेज्जो इथे चेकोस्लोव्हाकियावर २-१ असा विजय. पण इटलीत महिला फुटबॉल मुख्य महासंघाच्या छत्राखाली आलं ते १९८६ मध्ये. इंग्लंडचा १९७२ चा सामनाही मुख्य असोसिएशनने नव्हे, तर १९६९ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स फुटबॉल असोसिएशनने भरवला होता. तरी तो यादीत आहे. त्याच इंग्लंडचा मेक्सिकोत गेलेला १९७१ चा संघ मात्र यादीत नाही.

म्हणून ‘अधिकृत’ हा सामन्याचा गुण समजू नका. तो नंतर कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. तक्त्यात त्याला दोन वेगळे रकाने द्या: मान्यता कोणी दिली आणि कधी दिली. स्कॉटलंडच्या १९७२ च्या खेळाडूंना त्यांच्या महासंघाकडून कॅप (देशाकडून खेळल्याची मानाची टोपी) मिळाल्या २०१९ मध्ये, इंग्लंडच्या संघाला २०२२ मध्ये. जुन्या पुस्तकातलं वाक्य आज चुकीचं ठरू शकतं, आणि आजचं उद्या.

तक्त्याचे रकाने

साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक सामन्याला एक ओळ, आणि रकाने असे: तारीख, वार, शहर, मैदान, दोन्ही संघांची छापील नावं, प्रत्यक्षात संघ कोणाचा, आयोजक, गोलसंख्या, ठरलेली मिनिटं, सामना पूर्ण झाला की थांबला, प्रेक्षकसंख्या, उत्पन्न, मूळ बातमीचं वृत्तपत्र-तारीख-पान, कप्पा, आणि मान्यतेचे दोन रकाने. ‘छापील नाव’ आणि ‘प्रत्यक्षात कोणाचा’ हे दोन रकाने एकत्र करायचा मोह होतो. तसं करू नका, अर्धं काम तिथेच आहे.

डेन्मार्कचं उदाहरण घ्या. १५ जुलै १९७० ला तुरीनमध्ये डेन्मार्कने यजमान इटलीला २-० हरवून स्पर्धा जिंकली. ‘छापील नाव’ डेन्मार्क, ‘प्रत्यक्षात’ बीके फेमिना हा कोपनहेगनचा क्लब. १९५७ मध्ये बर्लिनला झालेल्या स्पर्धेत ‘इंग्लंड’ने अंतिम सामन्यात जर्मनीला ४-० हरवलं, असं वाचायला मिळतं. ते इंग्लंड म्हणजे मँचेस्टर कोरिंथियन्स. मेक्सिकोतलं १९७१ चं ‘इंग्लंड’ हॅरी बॅट यांनी बांधलेलं, चिल्टर्न व्हॅली या क्लबभोवतीचं. एकाच रकान्यात ‘इंग्लंड’ लिहून मोकळं झालं, तर हे तीन संघ आणि १९७२ चा संघ एकाच माळेत ओवले जातात आणि जय-पराजयाची आकडेवारी बिघडते.

मिनिटांचा रकानाही सोडू नका. मेक्सिको १९७१ चे सामने ७० मिनिटांचे होते. १९८४ ची युरोपीय स्पर्धासुद्धा ७० मिनिटांची, आणि चेंडू ४ नंबरचा, म्हणजे नेहमीच्या ५ नंबरपेक्षा लहान. १९९१ च्या विश्वचषकात ८० मिनिटं. आजच्या ९० मिनिटांशी गोलांची सरासरी ताडून पाहणारे लेख इथे घसरतात.

मूळ बातमी कुठे शोधायची

१८८१ च्या सामन्यांसाठी ‘ग्लासगो हेरल्ड’चे जुने अंक गुगलच्या वृत्तपत्र संग्रहात फुकट पाहता येतात. इतर ब्रिटिश पत्रांसाठी ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह आहे. तिथे शोध फुकट, पान उघडायला पैसे. त्यामुळे आधी फुकटात शोधून हव्या त्या पानांची यादी करा आणि मगच वर्गणी भरून ती सगळी एका बैठकीत उतरवा. फ्रेंच बाजूसाठी गालिका हा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संग्रह पूर्ण फुकट आहे आणि ‘लोतो’, ‘ल मिरुआर दे स्पोर’ ही खेळाची पत्रं तिथे मिळतात. डच बातम्यांसाठी डेल्फर. ऑस्ट्रेलियाचा ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचा पेपर्स पास्ट हेही फुकट आहेत. पण १८८१ ची ब्रिटिश बातमी तिथे जहाजाने, काही आठवड्यांनी पोचून छापली गेलेली असते. त्या अंकाची तारीख सामन्याच्या रकान्यात चढवायची नाही.

शोधताना ‘विमेन्स फुटबॉल’ हे शब्द रोमन लिपीत टाकून जुन्या पत्रांत फारसं काही सापडत नाही. तेव्हा छापत होते ‘लेडी फुटबॉलर्स’, ‘लेडीज इंटरनॅशनल मॅच’, ‘फीमेल फुटबॉल’. फ्रेंचमध्ये ‘फुटबॉल फेमिनँ’ आणि क्लबचं नाव ‘फेमिना स्पोर’ वापरा. स्कॅनमधलं जुनं छपाईचं अक्षर संगणकाला नीट वाचता येत नाही. तेव्हा शब्दशोधात काही आलं नाही म्हणून बातमीच नाही, असा निष्कर्ष काढू नका. सामन्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचा अंक उघडून खेळाचं पान डोळ्यांनी वाचा. जाहिराती सामन्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत असतात. त्यांत तिकीटदर आणि मैदान मिळतं, आणि ते बातमीपेक्षा खात्रीचं असतं.

प्रत्येक सामन्याला निदान दोन स्वतंत्र बातम्या हव्यात, आणि शक्यतो दोन्ही देशांतल्या. स्वतंत्र म्हणजे खरोखर स्वतंत्र. एकाच वार्ताहराचा मजकूर सहा पत्रांनी उचललेला असेल, तर ती एकच बातमी. वाक्यं शब्दशः जुळतात का ते पाहिलं की कळतं.

तारीख: वार काढल्याशिवाय लिहू नका

कोणत्याही तारखेचा वार फोनच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन मिळतो. अर्ध्या मिनिटाचं काम, पण सगळ्यात जास्त चुका हेच पकडतं.

एडिनबराच्या सामन्याची तारीख अनेक ठिकाणी ९ मे १८८१ दिलेली असते. ९ मे ला सोमवार होता. ‘ग्लासगो हेरल्ड’ने बातमी त्या दिवशी छापली, सामना झाला शनिवारी, ७ मे ला. मधल्या रविवारी पत्र निघत नव्हतं. बातमीची तारीख सामन्याला चिकटली आणि पुढे सगळ्यांनी तीच उचलली.

दुसरं उदाहरण आंतरराष्ट्रीय सामन्याचं नाही, पण या विषयावरच्या प्रत्येक लेखात येतं. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीजने सेंट हेलेन्सला ४-० हरवलं तो ५३,००० प्रेक्षकांचा सामना. तारीख बहुतेक ठिकाणी ‘२६ डिसेंबर १९२०, बॉक्सिंग डे’. आता वार काढा: २६ ला रविवार येतो. त्या काळच्या इंग्लंडमध्ये रविवारी असा सामना होत नसे, आणि बॉक्सिंग डेची सुट्टी त्या वर्षी सोमवारी आली होती. म्हणून २७ डिसेंबर लिहा. युरोपात मात्र रविवारचं वावडं नव्हतं. डिक, कर संघाचा पॅरिसमधला पर्शिंग स्टेडियमचा सामना ३१ ऑक्टोबर १९२० चा, आणि तो रविवारच. १९५६ चा एसेनचाही रविवार. देश बदलला की कसोटीही बदलते.

मैदान

१८८१ चा सामना ‘ईस्टर रोडवर’ झाला असं वाचलं की लोक हिबर्निअन क्लबच्या आजच्या स्टेडियमचा फोटो लावतात. क्लब आजच्या जागेवर आला १८९३ मध्ये. सामना झाला तो जवळच्या जुन्या मैदानावर, हिबर्निअन पार्कवर. मैदानाच्या नावापुढे नेहमी ‘तेव्हाचं’ की ‘आजचं’ ते लिहा. फोटोंची तऱ्हा आणखी वाईट. १८९५ च्या ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लबचे फोटो सहज सापडतात, म्हणून तेच १८८१ च्या मजकुराला जोडले जातात. त्या क्लबचा २३ मार्च १८९५ चा लंडनमधला गाजलेला सामना ‘उत्तर विरुद्ध दक्षिण’ असा होता. उत्तरेने तो ७-१ जिंकला, पण आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या तक्त्यात त्याला जागा नाही.

खेळाडूंची नावं

इथे हात आखडता घ्यावा. १८८१ च्या संघयादीतली नावं बरीचशी रंगमंचावरची असावीत, अशा थाटाची आहेत. १८९५ च्या क्लबची चिटणीस नेटी हनीबॉल हेही टोपणनावच. अशा नावांवरून वंशावळ्या काढायला जाऊ नये. बातमीत छापलं तसं नाव आणि पुढे ‘छापील’ एवढी खूण पुरेशी.

‘हेलन मॅथ्यूज ऊर्फ मिसेस ग्रॅहम हिने १८८१ चा संघ उभारला आणि गोलरक्षण केलं’ ही कथा फार फिरते. १८८१ च्या यादीत स्कॉटलंडची गोलरक्षक म्हणून एथेल हे हिचं नाव आहे. ‘मिसेस ग्रॅहम’ बातम्यांत येते ती १८९५ च्या सुमारास. दोन वेगळ्या काळांची सांधेजोड कोणीतरी केली आणि ती चालून गेली. लेखात ही कथा घालायचीच असेल तर ‘अशी आख्यायिका आहे’ म्हणून घाला.

नंतरच्या काळात अडचण वेगळी. लग्नानंतर आडनाव बदलतं आणि एकच खेळाडू यादीत दोनदा येते. सामन्याच्या वेळचं नाव मुख्य धरा आणि नंतरचं शेजारी लिहा.

गोल आणि अर्धवट सुटलेले सामने

१६ मे १८८१ रोजी ग्लासगोच्या शॉफिल्ड मैदानावर दुसरा सामना ठेवला होता. सुमारे ५,००० लोक जमले, उत्तरार्धात जमाव मैदानात घुसला आणि खेळ बंद पडला. खेळाडूंना घोड्यांच्या बसमधून कसंबसं बाहेर काढावं लागलं. अशा सामन्याला ‘बरोबरी’ लिहू नका. ‘थांबला’ लिहा आणि कारण द्या. पॅरिसचा १९२० चा सामनाही १-१ असताना प्रेक्षक आत शिरल्यामुळे वेळेआधी संपला. पण तिथे गोलसंख्या सगळीकडे १-१ अशीच दिली जाते, म्हणून गोलसंख्या ठेवून ‘वेळेआधी’ अशी नोंद जोडा.

मालिका असेल तर सगळे सामने मांडा. १९२० च्या वसंतातल्या फ्रान्सच्या दौऱ्यात चार सामने झाले: प्रेस्टन, स्टॉकपोर्ट, मँचेस्टर आणि लंडनचं स्टॅमफर्ड ब्रिज. मराठी लेखांत फक्त पहिला येतो. पण मँचेस्टरला १-१ अशी बरोबरी झाली आणि लंडनमध्ये फ्रान्स २-१ जिंकलं. हे वगळलं की फ्रेंच मुली नुसत्याच हरायला आल्या होत्या असं चित्र उभं राहतं.

प्रेक्षकसंख्या

तिकिटांची मोजदाद आणि वार्ताहराचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पन्न दिलं असेल तर भागाकार करून पाहा. गुडिसन पार्कचं उत्पन्न ३,११५ पौंड दिलं जातं. पौंडाला २० शिलिंग (आणि शिलिंगला १२ पेन्स), म्हणजे ६२,३०० शिलिंग, भागिले ५३,०००. माणशी साधारण १ शिलिंग २ पेन्स. आकडे एकमेकांना धरून आहेत. भागाकार ५ शिलिंग किंवा २ पेन्स आला असता तर दोनांपैकी एक आकडा खोटा समजावा. देणग्या धरल्या तर सरासरी थोडी वर जाते, तेवढी सूट ठेवा.

मेक्सिकोत ५ सप्टेंबर १९७१ ला झालेल्या अंतिम सामन्याला अॅझ्टेका स्टेडियमवर सुमारे १,१०,००० लोक होते असं सांगतात. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० हरवलं आणि तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुझान ऑगस्टेसनचे. आकडा देताना ‘सुमारे’ सोडू नका. आणि ‘महिला विश्वचषकातला विक्रम’ असं लिहायचं असेल, तर ही स्पर्धा फिफाची नव्हती हे त्याच वाक्यात यायला हवं.

बंदी: कोणी, कोणावर, कशाची

‘इंग्लंडमध्ये ५० वर्षं महिला फुटबॉलवर बंदी होती’ हे वाक्य इतकं सैल आहे की ते न लिहिलेलं बरं. ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं अशा सामन्यांना देऊ नयेत. तो देशाचा कायदा नव्हता. खेळ रग्बीच्या आणि इतर मैदानांवर चालू राहिला. गेली ती मोठी स्टेडियम आणि त्यांच्याबरोबरची गर्दी. उठवल्याचं वर्ष कुठे १९७० तर कुठे १९७१ दिसतं, कारण निर्णय आणि अंमल यांत अंतर होतं.

ब्राझीलमध्ये मात्र सरकारी हुकूमनामा होता, १९४१ चा, आणि तो १९७९ पर्यंत टिकला. पश्चिम जर्मनीत १९५५ मध्ये महासंघाने आपल्या क्लबांना महिला विभाग काढायला आणि मैदान द्यायला मनाई केली. ती १९७० ला उठली. एसेनचा १९५६ चा सामना या मनाईच्या काळातला, म्हणून महासंघाने नंतर मान्यता दिल्याशिवाय तो घ कप्प्यात जात नाही.

मैदान कोणाच्या मालकीचं, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. १९७१ मध्ये मेक्सिकोच्या महासंघाने आपल्या क्लबांना स्पर्धेपासून दूर राहायला सांगितलं होतं. पण मेक्सिको सिटीचं अॅझ्टेका आणि ग्वादालाहाराचं हालिस्को ही स्टेडियम महासंघाच्या हाताबाहेरची होती. म्हणूनच एवढी मोठी स्पर्धा होऊ शकली. याच स्पर्धेत २१ ऑगस्टला अर्जेंटिनाने इंग्लंडला ४-१ हरवलं, चारही गोल एल्बा सेल्वाचे. अर्जेंटिनात तो दिवस आता महिला फुटबॉलपटूंचा दिवस म्हणून पाळतात.

भारताची पानं भरताना

आशियात सुरुवात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आशियाई लेडीज फुटबॉल कॉन्फेडरेशनपासून करा. १९७५ ची हाँगकाँगची पहिली स्पर्धा न्यूझीलंडने जिंकली. आज ती एएफसीच्या (आशियाई फुटबॉल महासंघाच्या) आशियाई चषकाच्या यादीत दिसते, पण भरवली होती या वेगळ्या संघटनेने, जी १९८६ मध्ये एएफसीत विलीन झाली. आयोजकाच्या रकान्यात तेव्हाचं नाव लिहा.

भारतातही विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया १९७५ मध्ये वेगळी निघाली. मुख्य महासंघाकडे कारभार आला तो १९९० च्या दशकात. कोझिकोडची आशियाई स्पर्धा कुठे १९७९ ची तर कुठे १९८० ची म्हणून येते. ती जानेवारी १९८० मध्ये खेळली गेली, तेव्हा तारखेच्या रकान्यात १९८० आणि स्पर्धेच्या नावात मूळ छापील वर्ष ठेवा. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरवले होते. ‘भारत उपविजेता’ एवढंच लिहिलं तर कोणता संघ ते कळत नाही. १९८३ ला बँकॉकमध्ये भारत पुन्हा उपविजेता होता, अंतिम सामना थायलंडने जिंकला. त्याच वर्षी बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू.

या काळात गोव्याच्या योलांदा डिसोझा भारताकडून खेळत होत्या. त्यामुळे मराठी वाचकांसाठी पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे चांगलं ठिकाण आहे. ‘नवहिंद टाइम्स’, ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’ यांचे जानेवारी १९८० चे अंक मागताना महिना आणि पत्र लिहून न्या. नुसतं ‘महिला फुटबॉल’ सांगून काही हाती लागणार नाही. कोझिकोडच्या सामन्यांसाठी ‘मातृभूमी’ हे तिथलंच पत्र आहे. मल्याळम येत नसेल तर आधी इंग्रजी पत्रांतून सामन्यांच्या तारखा पक्क्या करा आणि मग नेमक्या दिवसाचं पान कोणाकडून तरी वाचून घ्या.

कात्रणाचा फोटो काढताना पानावरचं पत्राचं नाव आणि तारीख चौकटीत आलीच पाहिजे. फाइलला नाव द्या ते सामन्याच्या तारखेने, बातमीच्या नव्हे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे फोल्डर उघडल्यावर सामने आपोआप क्रमाने लागतात, आणि एकाच सामन्याच्या दोन बातम्यांत विसंगती असेल तर दोन्ही पानं शेजारी-शेजारी सापडतात.